आधीचे डॉक्टर चुकले, मग आताच्यांवर विश्वास का ठेवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे. शौचातून रक्त जात होतं, नेहमीच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून सहा महिने औषधं दिली. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला आणि गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कॅन्सर निघाला. आता कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, लगेच ऑपरेशन नको, आधी रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या, मग बघू. वडील म्हणतात, एकाने सहा महिने घालवले, हा आणखी काही महिने घालवणार, सगळा धंदा आहे. काका कुणा वनौषधीवाल्याचे व्हिडिओ पाठवताहेत. आणि तुम्ही विचारलंय, आता विश्वास ठेवायचा तरी कोणावर?

मी आतड्याच्या कॅन्सरची ऑपरेशन्स करतो, बरीच वर्षं करतोय. म्हणजे या प्रश्नात मी तटस्थ नाही. तुमच्या वडिलांचा ज्या जमातीवर राग आहे त्याच जमातीतला मी, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. शिवाय त्यांची फाईल मी पाहिलेली नाही. गाठ गुदद्वारापासून किती वर आहे, एमआरआयमध्ये ती कुठवर पोचलेली दिसते, यकृतात किंवा फुप्फुसात काही आहे का, त्यांचं हृदय आणि किडनी कशी आहे, यावर सगळं बदलतं. त्यामुळे अमुक उपचार घ्या असं मी सांगणार नाही. संशय आलाच आहे तर तो नीट तपासायचा कसा, एवढं सांगतो.

आधी त्या सहा महिन्यांबद्दल. तुमचा राग रास्त आहे. शौचातून रक्त जाणाऱ्या बहुतेकांना मूळव्याधच असते हे खरं, पण म्हणूनच बोटाने तपासणी करायची असते. गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात. या वयाच्या माणसाचं रक्त औषधाने थांबत नसेल तर आत दुर्बीण घालून बघणं हे काही फार मोठं शास्त्र नाही. तेव्हा नेमकं काय झालं, तपासणी झाली होती का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि ते कागदावर मागा. पण आत्ता नाही, नंतर. आत्ता एवढंच पाहा की पहिल्या डॉक्टरांनी अंदाजावर औषध दिलं आणि दुसऱ्यांनी तुकडा तपासून निदान केलं. दोघांच्या अंगावर कोट एकच असला तरी दोघांच्या बोलण्यामागचा पुरावा एक नाही. वडिलांच्या मनात मात्र दोघं मिळून ‘डॉक्टर लोक’ झालेत, आणि पहिल्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतंय.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न ‘कोणावर’ असा नाहीच. निदान खरं आहे का, उपचाराचा क्रम बरोबर आहे का, आणि सांगणाऱ्याचा हेतू साफ आहे का, असे तीन वेगळे संशय एकात गुंतलेत. पहिल्या दोन गोष्टी तपासता येतात. तिसरी थेट तपासता येत नाही, पण पहिल्या दोन तपासल्या की तिचं महत्त्व बरंच कमी होतं. डॉक्टर भला माणूस आहे की नाही यावर रात्रभर डोकं शिणवणारे नातेवाईक मी खूप पाहिलेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी बायोप्सीचा, म्हणजे तुकड्याच्या तपासणीचा, कागद मात्र नीट वाचलेला नसतो.

निदान तपासणं सर्वांत सोपं. तुकड्याचा रिपोर्ट म्हणजे एका पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे तो सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या डॉक्टरचं मत, पण तो तुकडा कुठे जात नाही. मेणाच्या ठोकळ्यात तो जपून ठेवलेला असतो आणि काचेच्या स्लाइड्सही असतात. ठोकळा आणि स्लाइड्स लॅबमधून मागून घ्या आणि दुसऱ्या एखाद्या मोठ्या कॅन्सर केंद्रातल्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. वडिलांना पुन्हा सुई नाही, दुर्बीण नाही. ‘तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो’ असं काकांनी म्हटलं असेल, बहुतेक म्हटलंच असेल, तर सांगा की दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा घेण्याने असं होतं म्हणायला आधार नाही. मोजक्या ठिकाणी, उदाहरणार्थ अंडकोशाच्या गाठीत, आम्ही स्वतःच सुई घालणं टाळतो. म्हणजे हा विचार डॉक्टरांनी केलेला असतो, लपवलेला नसतो.

स्लाइड दुसरीकडे जाईल तेव्हा आणखी एक गोष्ट विचारून घ्या: एमएमआर तपासणी झाली आहे का? एमएमआर म्हणजे पेशींतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. गुदाशयाच्या थोड्याच गाठींमध्ये ती बिघडलेली असते, पण ज्यांच्यात असते त्यांचा सगळा मार्गच बदलू शकतो. २०२२ साली न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या अभ्यासात अशा १२ रुग्णांना फक्त डोस्टारलिमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारं औषध दिलं. बाराही जणांची गाठ पूर्ण दिसेनाशी झाली, तोवर ना रेडिएशन लागलं ना ऑपरेशन. वडिलांची गाठ तशी असण्याची शक्यता कमी आहे, आशा लावून बसू नका. पण ही तपासणी झालीय की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून तुमची टीम किती काळजीपूर्वक काम करते हे तुम्हाला समजेल.

आता दुसरा संशय, आणि तुमच्या घरातलं खरं भांडण याच्यावरच आहे. कॅन्सर आहे म्हणता, मग काढून का टाकत नाही? सर्जन असून सांगतो, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो, आणि ऐकायला तो अगदी तर्काला धरून वाटतो. गुदाशय मात्र अडचणीच्या जागी बसलेला अवयव आहे. कटीच्या हाडांच्या अरुंद फनेलमध्ये तो असतो, पुढे मूत्राशय आणि प्रोस्टेट, बाजूंनी नसा. गाठीभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट तो अखंड काढावा लागतो. इंग्लंडमधले सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली ही पद्धत मांडली, तोवर त्याच जागी कॅन्सर उलटणं ही नेहमीची गोष्ट होती. आवरणाची कड गाठीने गाठली असेल तर कितीही निष्णात हात असला तरी काहीतरी मागे राहण्याचा धोका असतो. म्हणून आधी गाठ लहान करायची आणि मग काढायची.

२००४ साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. काहींना रेडिएशन आणि केमो ऑपरेशनच्या आधी दिली होती, काहींना नंतर. पाच वर्षांत त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण आधी दिलेल्यांत ६ टक्के होतं, नंतर दिलेल्यांत १३ टक्के. त्रासही आधी दिलेल्यांत कमी झाला. एकूण किती जण जगले यात मात्र दोन्ही गटांत फरक नव्हता. हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. कुणी डॉक्टर फक्त पहिले आकडे सांगून हे गाळत असेल तर तुम्ही विचारा.

म्हणजे ‘आधी शेक (रेडिएशन), मग ऑपरेशन’ हा वेळकाढूपणा नाही. पण प्रत्येक गुदाशयाच्या कॅन्सरला हेच लागतं असंही नाही. गाठ अगदी सुरुवातीची असेल तर थेट ऑपरेशन होतं. २०२३ साली आलेल्या आणखी एका चाचणीत निवडक रुग्णांना आधी फक्त केमो दिली, रेडिएशन गरज पडली तरच. तेही नेहमीच्या मार्गाच्या तोडीस तोड ठरलं. त्यामुळे उद्या दुसऱ्या डॉक्टरांनी रेडिएशनशिवायचा मार्ग सांगितला तर पहिले खोटारडे ठरत नाहीत. तुम्ही विचारायचं ते असं: वडिलांच्या एमआरआयमध्ये नेमकं काय दिसलं म्हणून तुम्ही हा क्रम निवडला? आणि काय दिसलं असतं तर दुसरा निवडला असता? ज्याने विचार केलाय त्याच्याकडे याचं उत्तर दोन मिनिटांत असतं. तो पडद्यावर एमआरआय उघडतो आणि बोट ठेवून दाखवतो. ‘आमच्याकडे असंच करतात’ एवढंच उत्तर आलं तर दुसरं मत घ्याच.

हेतूबद्दल बोलायला आमच्यातले बरेच जण कचरतात, म्हणून मी बोलतो. पैशाचा परिणाम होतो. जिथे प्रत्येक कृतीचे पैसे मिळतात तिथे जास्त करण्याकडे कल जातो, जिथे ठरावीक पगार असतो तिथे कधी कमी करण्याकडे. शिवाय प्रत्येकाला स्वतःचं हत्यार प्रिय. मी सर्जन, मला ऑपरेशन दिसतं. आणि याहून भयंकरही घडलंय. अमेरिकेत मिशिगनमध्ये फरीद फाटा नावाच्या कॅन्सरतज्ज्ञाने कॅन्सर नसलेल्या लोकांनाही केमो दिली होती. २०१५ साली त्याला ४५ वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा तुमचे वडील म्हणतात तसं कधी घडतच नाही, असं मी म्हणू शकत नाही. पण तो पकडला कसा गेला तेही पाहा. त्याच्याच संस्थेतल्या दुसऱ्या डॉक्टरने त्याच्या एका रुग्णाचे कागद पाहिले आणि निदानाला आधारच नाही हे त्याच्या लक्षात आलं. सगळं एका माणसाच्या हातात असतं तेव्हा फसवणूक टिकते. म्हणून डॉक्टरांचा चेहरा वाचत बसू नका. ही केस ट्यूमर बोर्डात ठेवली होती का ते विचारा. सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून चर्चा करतात ती ही बैठक. ठेवली असेल तर तिथे काय ठरलं त्याची नोंद मागा.

दुसरं मत कसं घ्यायचं यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक ते घेतात पण वाया घालवतात. सोबत नुसते रिपोर्ट नकोत. एमआरआय आणि सीटीच्या मूळ प्रतिमांची सीडी, कोलोनोस्कोपीचा कागद, त्यात गाठीचं गुदद्वारापासूनचं अंतर, सीईए या रक्ततपासणीचा आकडा आणि स्लाइड्स, एवढं हवंच. खोलीत शिरल्यावर पहिल्याच वाक्यात सांगा की उपचार आम्ही आधीच्याच ठिकाणी घेणार आहोत, इथे फक्त मत हवंय. रुग्ण आपल्याकडे येणार नाही हे कळल्यावर दिलेलं मत बरंच मोकळं असतं. तसंच, आधीच्या डॉक्टरांनी काय सुचवलंय ते सुरुवातीला सांगू नका. आधी त्यांचं ऐका, मग सांगा, आणि दोन्हींत फरक असेल तर तो का ते तिथेच विचारा.

पहिल्या डॉक्टरांना राग येईल म्हणून लोक हे चोरून करतात. मला कुणी ‘दुसरं मत घेऊन येतो’ म्हणालं की मनात किंचित खुपतं, खोटं कशाला बोलू. पण कागद मी लगेच देतो, आणि माझ्या ओळखीचे बहुतेक सर्जन देतात. कागद द्यायला जो अडवतो त्याने तुमचं काम सोपं केलं असं समजा.

दोन मतं जुळली की थांबा. तिसरं, चौथं, पाचवं मत गोळा करणारी घरं बहुतेक वेळा मत शोधत नसतात, ‘कॅन्सर नाही’ असं म्हणणारा माणूस शोधत असतात, आणि तो कधीतरी सापडतोच. दोन मतं जुळली नाहीत तर फरक नेमका कुठे आहे ते पकडा. निदानात असेल तर स्लाइड तिसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे. क्रमात असेल तर दोन्ही मार्गांत आयुष्य किती आणि त्रास कोणता याची तुलना दोघांकडून मागा.

आणि याला मुदत हवी. गुदाशयाचा कॅन्सर काही दिवसांत उड्या मारत नाही. दोन-तीन आठवडे नीट तपास करण्यात गेले तर सहसा बिघडत नाही. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मी हे म्हणालो नसतो, तिथे दिवस मोजावे लागतात. पण महिने गेले की फरक पडतो. २०२० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणात ऑपरेशनला चार आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे प्रमाण मूळ धोक्याच्या तुलनेतलं आहे, म्हणजे शंभरातले सहा-आठ जण जास्त जातात असा अर्थ नाही. तरी कॅलेंडरवर तारीख टाका: या दिवसापर्यंत दुसरं मत, या दिवशी निर्णय. मुदत नसलेला संशय मी पाहिलाय. तो तपास करत नाही, नुसता वाट पाहतो.

इथवर संशयाबद्दल झालं. विश्वासही तपासून घ्यावा लागतो, आणि हे मला जास्त अवघड वाटतं. २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅन्सर दूरवर पसरलेल्या, म्हणजे केमोने बरं होण्याची शक्यता जवळपास नसलेल्या रुग्णांना विचारलं की केमोने तुम्ही बरे व्हाल का. आतड्याच्या कॅन्सरच्या ८१ टक्के रुग्णांना ती शक्यता नाही हे उमगलेलंच नव्हतं. त्याहून टोचणारी गोष्ट अशी की ज्यांना आपल्या डॉक्टरांचं बोलणं फार छान वाटत होतं त्यांच्यात हा गैरसमज जास्त होता. तुमच्या वडिलांचा कॅन्सर पसरलेला आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तो आकडा त्यांना लावू नका. पण एवढं नक्की घ्या: गोड बोलणारा डॉक्टर सगळं सांगतोच असं नाही, आणि सात मिनिटांत तुटक बोलून उठणारा चुकीचंच सांगतो असंही नाही. ‘हा उपचार पूर्ण बरं करण्यासाठी आहे की आजार ताब्यात ठेवण्यासाठी?’ हे वाक्य अगदी याच शब्दांत विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लिहून घ्या.

काकांबद्दल. त्यांच्याशी भांडू नका, तेही घाबरलेले आहेत. ज्यांचे व्हिडिओ येताहेत त्या ‘बऱ्या झालेल्या’ माणसांबद्दल तीन गोष्टी विचारा: तुकडा तपासला होता का, आधी ऑपरेशन किंवा केमो झाली होती का, आणि त्याला किती वर्षं झाली. अमेरिकेतल्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॅन्सर पसरलेला नसताना फक्त पर्यायी उपचार निवडलेल्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये पर्यायी उपचारवाल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे साडेचार पट होता. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ही चाचणी नव्हती, तरी फरक एवढा मोठा आहे की डोळ्याआड करता येत नाही. वडील सोबत काही घेणारच असतील तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. केमोची जी गोळी रेडिएशनसोबत बहुधा देतात, कॅपेसिटाबिन, तिच्यामुळे वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम धोकादायक वाढू शकतो. फोलिक ॲसिडच्या साध्या गोळीनेही तिचा त्रास वाढू शकतो. काही लोकांच्या शरीरात ही गोळी मोडणारं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० सालापासून त्याची, म्हणजे डीपीडीची, तपासणी आधी करायला सांगितलंय. ती करणार का, हेही विचारा.

शेवटी वडील. तुमच्या पत्रात त्यांचं बोलणं आहे, पण त्यांची भीती कुठे दिसली नाही. माझ्या अनुभवात गुदाशयाचा कॅन्सर झालेला माणूस ‘सगळा धंदा आहे’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याला म्हणायचं असतं, ‘मला पोटावर शौचाची पिशवी नको.’ ते मुलीसमोर बोलवत नाही. तेव्हा पुढच्या भेटीत थोडा वेळ त्यांना डॉक्टरांसोबत एकटं बसू द्या. पिशवी लागेल का, लागली तर काही महिने की कायमची, लैंगिक क्षमतेवर आणि लघवीवर परिणाम होईल का, हे त्यांचे प्रश्न आहेत. ऑपरेशन करणाऱ्याला ‘तुम्ही वर्षाला गुदाशयाची किती ऑपरेशन्स करता’ हेही त्यांनीच विचारावं. यात उद्धटपणा काही नाही.

त्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली नसेल. ऑपरेशनआधीच्या या उपचाराने काही जणांची गाठ पूर्ण नाहीशी होते. ब्राझीलच्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी अशा रुग्णांचं ऑपरेशन न करता फक्त कडक नजर ठेवायला सुरुवात केली, आणि २००४ साली त्याचे निकाल मांडले. तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला जगभरचे सर्जन तयार नव्हते. आज तो अनेक केंद्रांत मान्य मार्ग आहे. पुढच्या दोन वर्षांत सुमारे एक चतुर्थांश लोकांत गाठ पुन्हा उगवते, म्हणून दर काही महिन्यांनी दुर्बीण आणि एमआरआय चुकवून चालत नाही. हे सगळ्यांना लाभेल असं मुळीच नाही. पण ज्या ‘आधी शेक’वर वडील चिडलेत, ऑपरेशन आणि त्यासोबत पिशवीही टळण्याची शक्यता असलीच तर ती बहुधा त्याच वाटेने जाते, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.

या दोन-तीन आठवड्यांत एक अपवाद लक्षात ठेवा. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही पूर्ण बंद झाले, उलट्या सुरू झाल्या, पोटात असह्य दुखू लागलं किंवा रक्त एवढं गेलं की उभं राहताना चक्कर येते, तर दुसऱ्या मताची वाट पाहू नका. जे रुग्णालय सर्वांत जवळ असेल तिथे फाईल घेऊन लगेच जा.